डावं पायडल

मराठीत झिजण्याला फार मान आहे. चंदन झिजतं म्हणून थोर. कार्यकर्ता समाजासाठी झिजतो, मग त्याचा सत्कार ठरतो, आणि त्या सत्काराच्या मांडवाची परवानगी काढायला दुसरा कार्यकर्ता कचेरीचे उंबरे झिजवतो. मुलीसाठी स्थळं बघताना बापाच्या चपला झिजतात, आणि हे तो लग्नात पंगतीपंगतीला जाऊन सांगतो. एवढं सगळं मानानं झिजत असताना सायकलच्या पायडलाच्या झिजण्याची कुणी दखल घेत नाही. ते आपलं पायाखाली झिजत राहतं आणि एक दिवस ‘टक्’ म्हणतं.

माझं पायडल ‘टक्’ म्हणालं ते पौड रस्त्यानं चांदणी चौकाकडे चढताना. उजवा पाय खाली गेला की टक्. डावा खाली गेला की खट्. टक्-खट्, टक्-खट्. सपाटीवर काही नाही, उतारावर काही नाही. चढ आला की सुरू. शेजारून जाणारा रिक्षावाला मान वाकडी करून आधी स्वतःच्या रिक्षाकडे बघायचा आणि मग माझ्याकडे.

माझं वय चोपन्न. या वयात शरीराच्या खालच्या अर्ध्या भागातून कुठलाही आवाज आला की माणूस आधी गुडघ्यावर संशय घेतो. मी घरी येऊन सांगितलं, “सायकल वाजतेय.” बायको म्हणाली, “आणा बघू इकडे.” तिनं पार्किंगमध्ये सायकल हातात धरून दहा पावलं चालवली. आवाज नाही. मग मला सायकलशिवाय दहा पावलं चालवलं. तेव्हाही आवाज नाही. “म्हणजे तुम्ही दोघं एकत्र आलात की होतं,” असं निदान करून ती वर निघून गेली. शास्त्राच्या दृष्टीनं हे निदान अगदी बरोबर होतं, हे मला नंतर कळलं. बेअरिंग झिजलेलं पायडल वजन पडल्याशिवाय बोलत नाही.

पण तेव्हा मी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही गुडघ्यांचे फोटो काढले, उजेडासमोर धरले आणि “वयाप्रमाणे आहे,” असं सांगितलं. वयाप्रमाणे म्हणजे चांगलं की वाईट हे विचारायचा धीर मला झाला नाही. “व्यायाम काय करता?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “सायकल चालवतो.” “उत्तम. गुडघ्याला चांगली. चालू ठेवा.” फी देऊन मी सायकलवर बसलो. टक्-खट् करत घरी आलो.

अखेर गुन्हेगार सापडला तो मुलीमुळे. तिनं खाली बसून पायडल दोन बोटांत धरलं आणि हलवलं. वर-खाली, पुढे-मागे. जे फक्त गोल फिरायला हवं ते पायडल दुधाच्या दातासारखं सगळ्या दिशांना हलत होतं. आतून छर्ऱ्यांचा खुळखुळा ऐकू येत होता. “बाबा, चार वर्षांत हे एकदाही बघितलं नाहीस?” मी खरंच बघितलं नव्हतं. ज्याच्यावर उभे राहतो ते बघायची पद्धत आपल्याकडे नाही.

त्या रात्री मी हिशेब केला. रोज चाळीस मिनिटं. मिनिटाला साठ फेऱ्या, म्हणजे रोजच्या २४००. पाऊस, पाहुणे आणि आळस वजा जाता वर्षाचे दोनशे दिवस धरले तरी ४ लाख ८० हजार. चार वर्षांच्या १९ लाख २० हजार फेऱ्या. एवढा नामजप केला असता तर एव्हाना कशाचं तरी दर्शन झालं असतं. मला छर्ऱ्यांचं झालं.

इथे सांगायला हवं की माझी सायकल ‘माउंटन बाइक’ आहे. याचा माझ्या स्वभावाशी किंवा डोंगराशी काही संबंध नाही. घ्यायला गेलो तेव्हा दुकानातला मुलगा म्हणाला, “काका, आपले रस्ते बघता हीच घ्या.” या वाक्यावर पुण्यात वाद घालता येत नाही. जाड टायर, पुढे शॉकअॅब्सॉर्बर, एकवीस गिअर. त्यातल्या चार गिअरांशी माझी ओळख आहे, बाकीचे सतरा गावाकडच्या भाऊबंदांसारखे कागदोपत्री आहेत. रविवारी मी तिला वेताळ टेकडीवर नेतो. चढताना मी तिला नेतो आणि उतरताना ती मला आणते.

या जातीच्या सायकलीचं मूळ कॅलिफोर्नियात आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटी आहे, तिथे माउंट टॅमलपायसच्या परिसरात १९७० च्या दशकात काही तरुण मंडळी जुनाट सायकली डोंगरावर चढवून कच्च्या रस्त्यानं खाली सोडायची. सायकली १९३०-४० च्या जमान्यातल्या, जाड टायरच्या, अडगळीतून काढलेल्या. त्यांना ते ‘क्लंकर’ म्हणत, म्हणजे आपला खटारा. ब्रेक मागच्या चाकाच्या पोटात, आणि तो लागायचा पायडल उलटं मारलं की. उतार असा की तळाशी पोचेपर्यंत ब्रेक तापून आतलं ग्रीस जळायचं आणि चाकातून धूर यायचा. मग घरी जाऊन चाक उघडायचं, नवं ग्रीस भरायचं आणि पुन्हा डोंगर चढायचा. ग्रीस पुन्हा भरणं म्हणजे ‘रिपॅक’, म्हणून त्या रस्त्याचं आणि शर्यतीचंही नाव पडलं रिपॅक. पहिली शर्यत १९७६ च्या ऑक्टोबरात झाली. पुढच्याच वर्षी त्यातल्या जो ब्रीझ यानं खास या कामासाठी नवी कोरी सायकल बांधली, आणि १९९६ साली अटलांटाला माउंटन बायकिंग ऑलिंपिकमध्ये गेलं. खटाऱ्यापासून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षं. एवढ्या काळात आमच्या सोसायटीच्या लिफ्टचा प्रश्न सुटलेला नाही.

मला या कथेतली ग्रीसची गोष्ट फार आवडली होती. बैलगाडीच्या आसाला ओंगण घालणारी आपली माणसं आणि ती कॅलिफोर्नियातली पोरं ही मला एकाच कुळातली वाटली होती. कुळाचार पाळायचा राहिला तो फक्त माझ्याकडून. पण ते पुढे येईल.

पायडलं बदलायची ठरली. मी दुकानात गेलो. माझी समजूत अशी की पायडल हे चपलेच्या अंगठ्यासारखं असतं, द्या म्हटलं की देतात. दुकानातल्या मुलानं विचारलं, “काका, फ्लॅट की क्लिपलेस?”

हे प्रकरण समजून घ्यायला मला अर्धा तास लागला. क्लिपलेस म्हणजे क्लिप नसलेलं. या पायडलाला खास बूट लागतो. बुटाच्या तळाला एक धातूचा तुकडा बसवलेला असतो, तो पायडलावर दाबला की खट्‌कन अडकतो आणि पाय व पायडल एक होतात. ज्यात बूट क्लिप होतो त्याला क्लिपलेस म्हणतात. मी त्या मुलाकडे संशयानं बघितलं, पण त्याचा दोष नव्हता. पूर्वी शर्यतवाल्यांच्या पायडलांवर पावलाच्या पुढच्या भागाला पकडणारा पिंजरा आणि पट्टा असायचा, त्याला क्लिप म्हणत. नव्या प्रकारात तो पिंजरा गेला, म्हणून ते क्लिपलेस. ज्या बंगल्यात सकाळ-संध्याकाळ भांडी आपटतात त्याचं नाव ‘शांती’ असतं, त्यातलाच हा प्रकार. स्की करणाऱ्यांच्या बुटांच्या पकडी बनवणाऱ्या ‘लुक’ या फ्रेंच कंपनीनं १९८४ साली ही पायडलं आणली, आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो ती वापरून टूर द फ्रान्स जिंकला. १९९० मध्ये जपानच्या शिमानोनं डोंगरातल्या सायकलींसाठी वेगळा प्रकार काढला. त्यात बुटाचा तुकडा तळव्यात आत दडलेला असतो, म्हणजे उतरून चालताही येतं. हे मला पटण्यासारखं होतं, कारण डोंगरात माझं बरंचसं सायकलिंग चालतच होतं.

“पाय काढायचा कसा?” मी विचारलं.

“टाच बाहेर फिरवायची काका. सवय होते.”

ही सवय माझ्या एका मित्राला लागताना मी बघितली आहे. नळस्टॉपच्या सिग्नलला लाल दिवा लागला, त्यानं ब्रेक दाबले, सायकल थांबली, आणि आपले पाय खाली अडकलेले आहेत हे त्याला आठवलं. त्यानंतर तो फार सावकाश, तोंडावर विचारमग्न भाव ठेवून, डावीकडे कलत गेला. पडताना त्याचा वेग ताशी शून्य किलोमीटर होता. शेजारच्या स्कूटरवरच्या बाई “अहो, अहो, अहो” असं तीनदा म्हणू शकल्या, इतका वेळ ते पडणं चाललं. सिग्नल हिरवा झाला तरी तो सायकलसकट आडवा, आणि दोन्ही पाय अजून पायडलांनाच.

मी फ्लॅट घेतली. चांगली रुंद, धातूची, बूट घसरू नये म्हणून वर दोन्हीकडे छोटे छोटे खिळे असलेली. हे खिळे बुटाला धरतात त्यापेक्षा जास्त प्रेमानं नडगीला धरतात. मराठीत ‘नडगी’ हा शब्द ज्यानं बनवला त्याला या पायडलांची पूर्वकल्पना असावी. पाय निसटला की नडते ती.

खोक्यावर आणि पायडलांच्या आसावर एकीकडे एल, दुसरीकडे आर असं कोरलेलं होतं. मुलगा म्हणाला, “काका, लेफ्ट-राइट बघून लावा हं. पंधराचा पातळ पान्हा लागेल, नाहीतर मागच्या बाजूनं एलन की. आणि डावीकडचं...” तेवढ्यात फोन वाजला आणि तो आत गेला. मी औषधाच्या दुकानात डोलावतो तशी मान डोलावून निघालो.

रविवारी सकाळी नऊ वाजता मी पार्किंगमध्ये बसलो. सोबत बाबांची हत्यारांची पेटी होती. त्या पेटीत बारा-तेराचा पान्हा होता, सोळा-सतराचा होता आणि अठरा-एकोणीसचाही होता. पंधराचा नव्हता. एक पिढी पंधराशिवाय जगली याचं मला कौतुक वाटलं. पण हवा तेवढा उघडणारा पान्हा होता. सायकलवाले या पान्ह्याला हात लावत नाहीत, कारण तो जिथे लावाल तिथले कोपरे गोल करतो. हे त्या पान्ह्यावर लिहिलेलं नसतं.

उजवं पायडल थोड्या कुरबुरीनंतर सुटलं. सुटताना पान्हा निसटला आणि हाताची चार बोटं पुढच्या दातेरी चकतीवर गेली. जाणकार काम सुरू करायच्या आधी साखळी मोठ्या चकतीवर चढवून ठेवतात, म्हणजे दाते झाकले जातात. हे मला धनुर्वाताचं इंजेक्शन देताना डॉक्टरांनी सांगितलं; ते स्वतः सायकलवाले निघाले. पण ते दुपारी. सकाळी मी बोटांना फडकं गुंडाळलं आणि विजयी मुद्रेनं डावीकडे गेलो. उजवं निघालं, त्याअर्थी डावंही तसंच निघणार. पान्हा लावला, घड्याळाच्या उलट दिशेनं जोर दिला.

हललं नाही.

पुन्हा जोर दिला. ढिम्म.

आमच्या सोसायटीत गळकी टाकी दिसली तर कुणी थांबत नाही, पण एखादा माणूस हत्यार घेऊन खाली बसलेला दिसला की माणसं थांबतात. पहिले आले ते सेक्रेटरी. पार्किंगमध्ये तेल सांडू नये एवढंच सांगून त्यांनी जागा धरली. मग बी विंगमधले निवृत्त इंजिनिअर आले. हातातल्या पिशवीत भाजी होती, ती त्यांनी माझ्या सीटवर ठेवली. “गंजलंय. खोबरेल सोडा.” तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून म्हणाल्या, “खोबरेल नको, रॉकेल. आमच्या ह्यांची सायकल रॉकेलनंच सुटायची.” रॉकेल आता कुठे मिळतं यावर दहा मिनिटं चर्चा झाली. एका तरुणानं मोबाइलच्या टॉर्चचा प्रकाश पाडला, भर उन्हात. लोकशाही मार्गानं शेवटी खोबरेल ठरलं. ते बायकोनं वरून पाठवलं. बाटली केसांची, तेलाला जाईचा वास.

जोर दिला. पायडल दरवळलं, पण हललं नाही.

“पान्ह्याला पाइप लावा,” इंजिनिअर म्हणाले. “लिव्हर वाढवायची. आर्किमिडीज.” सेक्रेटरींनी गच्चीवरच्या नळाचा उरलेला हातभर लोखंडी पाइप काढून दिला. या पाइपचा हिशेब सर्वसाधारण सभेत दोन वेळा मागितला गेला होता, हे सगळ्यांना आठवलं, पण प्रसंग ओळखून कुणी बोललं नाही. पाइप पान्ह्याच्या दांड्यात घातला. एकानं सायकल धरली, एकानं दुसऱ्या बाजूचा क्रँक, म्हणजे पायडल ज्याला बसतं तो दांडा, धरला. मी आणि इंजिनिअर पाइपला लोंबकळलो.

आणि पायडल हललं! किंचित, पण हललं. टाळ्या वाजल्या. “अजून थोडं,” इंजिनिअर म्हणाले. अजून थोडं हललं. मग अजिबात हलेना. मग पान्हा गर्रकन गोल फिरला, कारण आसाचे कोपरे संपले होते. मग मागच्या बाजूनं एलन की घालून तीवर हातोडी मारली, तेव्हा आतल्या भोकाचे कोपरेही संपले. एव्हाना अकरा वाजले होते.

आमचे वॉचमन इतका वेळ फाटकाजवळ खुर्चीवर बसून हे सगळं बघत होते. आता ते उठून आले, वाकले, पायडलाकडे बघितलं आणि अत्यंत आदरानं म्हणाले, “सायेब, डाव्या पायडलाचे आटे उलटे असतेत. तुमी दोन तास झालं आवळायलात.”

शांतता पसरली. गॅलरीतल्या आजी आत गेल्या.

“तुम्हाला कसं माहीत?” सेक्रेटरींनी विचारलं.

“बार्शीला मामाचं सायकलमार्ट हाय. सात वरसं होतो मी तितं.”

“अहो, मग आधी का नाही बोललात?”

“मला वाटलं, नवीन बसवायलात. म्हटलं, सायेब लई घट्ट बसवायलेत.”

इंजिनिअरांनी सीटवरची भाजी उचलली. पण जाता जाता त्यांनी एक प्रश्न टाकला, आणि त्यांच्याबद्दल माझं मत काहीही असलं तरी प्रश्न चांगला होता. “डावं पायडल उलट्या आट्यांचं? हे तर तर्काला सोडून आहे. सरळ आट्यांनीच ते जास्त घट्ट राहील.” रात्री सोसायटीच्या व्हॉट्‌सअॅपवर त्यांनी आकृती काढून पाठवली. आकृती निर्दोष होती. उजव्या बाजूनं बघा. क्रँक घड्याळाच्या दिशेनं फिरतो, पाऊल मात्र सपाटच राहतं. म्हणजे क्रँकच्या हिशेबानं पायडल उलटं फिरत असतं, आणि बेअरिंगमधलं घर्षण आसाला त्याच्याबरोबर उलट ओढू बघतं. उजवीकडे सरळ आटे असले तर या ओढण्यानं पायडल सुटायला हवं. डावीकडे उलटे आटे असले तर तेही सुटायला हवं. म्हणजे जगातल्या सगळ्या सायकली चुकल्या आहेत. असं म्हणायला इंजिनिअरांची हरकत नव्हती.

त्यांचं चुकलं कुठे हे बघायला मुठीत एक पेन्सिल सैल धरा. वरचं टोक दुसऱ्या हाताच्या बोटानं गोल गोल फिरवा. टोक एका दिशेनं गोल जातं आणि पेन्सिल मुठीला घासत स्वतःभोवती फिरते ती उलट दिशेनं. पायडलाच्या आसाचं तेच होतं. आटे कितीही घट्ट म्हटले तरी भोक आणि आस यांच्यात केसाएवढी फट असतेच. पायाचा भार नेहमी खाली, भोक मात्र क्रँकबरोबर फिरतं, म्हणून दाबाची जागा भोकाभोवती फिरत राहते आणि आस त्या भोकात हळूहळू गडगडतो. हे गडगडणं घर्षणाच्या उलट दिशेचं आणि त्याच्यापेक्षा जोरदार. म्हणून उजवीकडे सरळ आटे आणि डावीकडे उलटे ठेवले की दोन्ही पायडलं चालवता चालवता आपोआप आवळली जातात. बेअरिंग पार जाम झालं तर मात्र इंजिनिअर जिंकतात, आणि पायडल भर रस्त्यात सुटून पायाखालून निघून जातं.

पूर्वीच्या कित्येक सायकलींना दोन्हीकडे सरळच आटे असायचे, आणि डावं पायडल गळून पडायचं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावात दोन भावांचं सायकलचं दुकान होतं. १८९२ साली काढलेलं. १८९६ पासून ते स्वतःच्या सायकलीही बनवायला लागले. १९०० साली त्यांनी जाहीर केलं की आमचं पायडल सुटून येणार नाही, कारण डावीकडे आम्ही उलटे आटे पाडले आहेत. या भावांची नावं विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. तीन वर्षांनी, १७ डिसेंबर १९०३ ला, त्यांनी विमान उडवलं. त्या विमानाला दोन पंखे होते आणि ते इंजिनावरून फिरायचे साखळी आणि दातेरी चकत्यांनी, थेट सायकलसारखे. दोन्ही पंखे एकाच दिशेनं फिरले तर विमान कलंडेल, म्हणून एक पंखा उलट फिरवायचा होता. तर या माणसांनी एका बाजूच्या साखळीला मध्ये पीळ दिला. डावं आणि उजवं सारखं नसतं ही गोष्ट त्या घरात पक्की ठाऊक होती. आमच्या घरात रविवारी सकाळी अकरापर्यंत नव्हती.

सोमवारी मी सायकल कारागिराकडे नेली. त्यानं पायडल बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग जाईचा वास घेतला. काही विचारलं नाही, हा त्याचा मोठेपणा. वाइस लावला, लांब दांड्याचा पान्हा लावला, आता योग्य दिशेनं. काही नाही. गरम करून बघितलं. काही नाही.

“काका, हे ग्रीस न लावता बसवलंय,” तो म्हणाला. “आस स्टीलचा, क्रँक अॅल्युमिनियमचा. चार पावसाळे पाणी गेलंय. दोघांनी एकमेकांना धरलंय.” ज्यांनी ती सायकल मला जोडून दिली त्यांच्याकडे त्या दिवशी ग्रीस संपलं असावं. आणि मी, ओंगण घालणाऱ्यांचा वंशज, चार वर्षांत एकदा पायडल काढून त्याला बोटभर ग्रीस लावू शकलो नव्हतो. “वर कुणीतरी अजून आवळलंय. कोपरे गेलेत. आता क्रँक बदलायचा.”

“डावा क्रँक द्या मग.”

“सुटा नाही येत काका या मॉडेलचा. पूर्ण सेट येतो, चकत्यांसकट.”

सेटची किंमत ऐकून मी त्याला उजवं तेवढं लावून द्यायला सांगितलं. त्यानं उजवीकडचे आटे फडक्यानं पुसले, त्यावर ग्रीस फासलं आणि नवं पायडल आधी बोटांनी बसवलं. पान्हा सुरुवातीला लावायचाच नाही, कारण तिरकं गेलं तर स्टीलचा आस अॅल्युमिनियमचे आटे खाऊन टाकतो. बोटांनी चार-पाच फेरे सरळ गेले की मग पान्हा. पान्हा त्यानं आसावर नुसता धरून ठेवला आणि क्रँक उलटा फिरवला. पायडल स्वतःहून आत गेलं. मी बघतच राहिलो. “लक्षात ठेवायला सोपं आहे काका,” तो म्हणाला. “पान्हा वरच्या बाजूला उभा धरायचा. सायकलच्या तोंडाकडे ओढला की आवळतं, मागच्या चाकाकडे ओढला की सुटतं. दोन्हीकडे तेच.” मग ते उजवं-डावं, सरळ-उलटं, आर्किमिडीज, राइट बंधू, काहीच लक्षात ठेवावं लागत नाही. हे वाक्य रविवारी सकाळी कुणी म्हटलं असतं तर दोन तास, चार बोटं आणि बायकोचं तेल वाचलं असतं. मी ते कागदावर लिहून बाबांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं आहे. शेजारी पंधराचा पान्हाही आणून ठेवला आहे.

तेव्हापासून माझ्या सायकलला उजवीकडे नवं, रुंद, खिळ्यांचं पायडल आहे आणि डावीकडे चार वर्षांचं जुनं. उजवा बूट जागचा हलत नाही, डावा घसरतो. उजव्या नडगीवर खिळ्यांच्या खुणा आहेत, डावी कोरी. चांदणी चौकाच्या चढावर आता फक्त ‘खट्’ ऐकू येतं, ‘टक्’ गेलं. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे निम्मं पायडल होतं आणि निम्मे तुम्ही.” मी डॉक्टरांची पुढची तारीख घेतलेली नाही.

इंजिनिअर भेटले की माझ्या डाव्या बाजूला बघत नाहीत. वॉचमनकडे मात्र सोसायटीतल्या पोरांच्या सायकली यायला लागल्या आहेत. संध्याकाळी फाटकाजवळ दोन-तीन सायकली उलट्या करून ठेवलेल्या असतात, आणि सेक्रेटरींनी तिथे तेल सांडण्याबद्दल अजून नोटीस लावलेली नाही.

नव्या जोडीतलं डावं पायडल माझ्या कपाटात आहे, खोक्यासकट, एकदाही न वापरलेलं. कुणाचं डावं झिजलं असेल तर त्यांनी खुशाल घेऊन जावं, पैसे नकोत. फक्त येताना आपलं जुनं काढून यावं. ते काढायला मी येणार नाही.